आधी स्टॉपवॉच, मग स्क्रूड्रायव्हर

नोंद १ : वेळ नेमका जातो कुठे?

जुना डेस्कटॉप बदलायचं ठरलं ते दोन कारणांनी. त्यातला सहाव्या पिढीचा चार कोअरचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. हे कारण कुणालाही पटेल. माझ्यासाठी खरं कारण दुसरं होतं. पक्ष्यांच्या एका फेरीतून मी सात-आठशे रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता दिलेली मूळ नोंद) घेऊन येते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकाच पक्ष्याच्या, एकाच फांदीवरच्या, लागोपाठच्या. कोणत्या फ्रेममध्ये डोळा टोकदार आलाय हे शंभर टक्के झूम करून बघायचं असतं, आणि पुढची फ्रेम स्पष्ट व्हायला तीन सेकंद लागायचे. तेवढ्यात आधीची फ्रेम नजरेतून पुसली जाते. मग परत मागे जायचं, परत तीन सेकंद. शेवटी मी फोटो निवडत नव्हते, अंदाजाने ठेवत होते.

सुटे भाग बघायला सुरुवात करण्याआधी दोन संध्याकाळी फक्त मोजणीला दिल्या. हातात स्टॉपवॉच, बाजूला टास्क मॅनेजर उघडा. सगळ्या चाचण्या २४ मेगापिक्सेलच्या त्याच फाइलींवर. जुन्या मशीनचे आकडे असे : ५०० फोटोंचे पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू तयार व्हायला २१ मिनिटं. प्रत्येकी चार-पाच मास्क (फोटोच्या ठरावीक भागापुरती दुरुस्ती) असलेले २०० फोटो जेपेगमध्ये एक्स्पोर्ट करायला १४ मिनिटं. आयएसओ ६४००च्या, म्हणजे कमी उजेडातल्या दाणेदार, एका फोटोवर लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचं डिनॉइज (दाणे घालवणारं साधन) चालवायला साडेसहा मिनिटं. हे एआयवर चालणारं डिनॉइज एप्रिल २०२३मध्ये आलं, आणि माझं ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड त्याच्या कितीतरी आधीचं.

आकड्यांपेक्षा टास्क मॅनेजरने जास्त शिकवलं. निवड करताना डिस्क मंद पडते अशी माझी ठाम समजूत होती. बघितलं तर साटा एसएसडी (जुन्या जोडणीची चिपवाली डिस्क) जेमतेम दहा टक्के कामात, आणि प्रोसेसरचे चारही कोअर पूर्ण भरलेले. नंतर हिशेब केला तेव्हा ते उघडच होतं. रॉ फाइल २५ ते ३० एमबीची, आणि साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचतो. म्हणजे फाइल वाचायला साधारण सेकंदाचा विसावा भाग लागतो. बाकीचा सगळा वेळ त्या फाइलमधून चित्र उलगडण्यात जातो. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग नोंदलेला असतो. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून काढायचे, त्यावर लेन्सची दुरुस्ती, त्यावर आपली एडिटिंग. ही मोजणी केली नसती, तर सगळ्यात वेगवान डिस्कवर पैसे घालून मी पुन्हा तीन सेकंदच थांबले असते.

नोंद २ : सुटे भाग

थांबण्याचे दोन प्रकार मी वेगळे केले. एक्स्पोर्ट लावून मी उठून जाऊ शकते, ते थांबणं मला टोचत नाही. निवड करताना किंवा ब्रश फिरवताना स्क्रीनसमोर बसून थांबणं मात्र थेट कामावर परिणाम करतं. पहिला खर्च या दुसऱ्या प्रकारावर, हा नियम.

प्रोसेसर घेतला रायझन ९ ७९००. १२ कोअर, २४ थ्रेड आणि ६५ वॅट टीडीपी (उष्णतेचं ठरलेलं माप). याच्याहून जास्त वीज खाणारे भाऊबंद आहेत, पण माझ्या कामात त्यांची आघाडी थोडी आणि उष्णता बरीच. त्यात प्राथमिक ग्राफिक्सही आहे. जोडणीच्या वेळी त्याचा उपयोग झाला, ते पुढे येईलच.

रॅमचा हिशेब कागदावर केला. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४०००, २ कोटी ४० लाख पिक्सेल. १६ बिटमध्ये काम करताना प्रत्येक पिक्सेलला तीन रंगांचे मिळून ६ बाइट. एका थराला १४४ एमबी. मी फुलांचे आणि किड्यांचे फोकस स्टॅक करते (वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक फोटो), ३० फ्रेमचा स्टॅक म्हणजे नुसते थरच ४.३ जीबी. प्रत्येक थराच्या मास्कला आणखी ४८ एमबी, शिवाय फोटोशॉपची हिस्टरी, मागे लाइटरूम आणि ब्राउझर उघडा. जुन्या १६ जीबीत हे मावणं शक्यच नव्हतं. मोजणीच्या वेळी स्टॅक जोडताना रॅम तुडुंब भरून डिस्कवर लिहिणं सुरू झालेलं स्पष्ट दिसत होतं. म्हणून ६४ जीबी.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. ६४ जीबी म्हणजे ३२च्या दोन पट्ट्या घ्या, १६च्या चार नकोत. या प्रोसेसरसाठी डीडीआर५ या रॅमचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० (मेगाट्रान्सफर प्रति सेकंद) आहे, चार पट्ट्या लावल्या की तो ३६००वर येतो. चारही खाचा भरल्या म्हणजे जास्त ताकद, ही समजूत इथे उलटी पडते.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबीवालं. गेम खेळणारे या कार्डाच्या मेमरीवर बरेच वाद घालतात. डिनॉइज, एआय मास्क आणि ४के मॉनिटर एकत्र आले की मेमरी भरत जाते, आणि जुन्या कार्डाची ४ जीबी भरली की ब्रश कसा अडखळतो ते मी रोज बघत होते. माझ्यासाठी कार्डाच्या वेगाइतकीच त्याची मेमरी महत्त्वाची होती.

स्टोरेजमध्ये दोन एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीचे एसएसडी) : १ टीबीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, २ टीबीवर कॅटलॉग (लाइटरूमची फोटोंची नोंदवही), प्रिव्ह्यू आणि चालू वर्षाचे फोटो. जुन्या वर्षांचे फोटो ८ टीबीच्या हार्ड डिस्कवर. ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, आणि समोर जाळी असलेलं मोठं कॅबिनेट.

नोंद ३ : जोडणी

मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि रॅम लावली. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. सगळ्या मिळून १७१८, आणि एकही वाकली तर बोर्ड गेला. प्रोसेसर सोडायचा, दाबायचा नाही. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. ग्राफिक्स कार्ड मुद्दाम बाजूला ठेवलं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर स्क्रीन आली, तर पुढे काही बिघडल्यास शोध घेणं सोपं जातं.

बटण दाबलं. फॅन फिरले, स्क्रीन काळी, बोर्डावरचा रॅमचा दिवा पेटलेला. दोन मिनिटांनी बंद केलं, पट्ट्या काढून परत बसवल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मॅन्युअल हातात घेऊन बसले आणि मशीनला हात लावला नाही. साधारण सहाव्या मिनिटाला बायोस (बोर्डाची स्वतःची सेटिंगची स्क्रीन) समोर आलं. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक पट्टीशी सिग्नलची वेळ जुळवून बघतो. रॅम जास्त असली की हे लांबतं. मी मध्येच बंद करून ते काम दोनदा पहिल्यापासून सुरू करायला लावलं होतं. पहिल्यांदा बांधणाऱ्यांनी हे मनावर कोरून ठेवा : दहा मिनिटं काहीही काढू नका.

दुसरी अडचण हार्ड डिस्कची. ती बायोसमध्ये दिसेना. केबल बदलली, पॉवरची वायर बदलली, तरी नाही. उत्तर मॅन्युअलमधल्या एका छोट्या तक्त्यात होतं. माझ्या बोर्डावर तिसऱ्या एम.२ खाचेत एसएसडी लावला की दोन साटा पोर्ट बंद होतात, कारण दोन्हींना वाट एकच आहे. एसएसडी दुसऱ्या खाचेत हलवला आणि डिस्क आली. खाचांची ही वाटणी प्रत्येक बोर्डावर वेगळी असते, त्यामुळे तो तक्ता खरेदीच्या आधीच बघायला हवा.

नोंद ४ : रॅमची परीक्षा

एक्स्पो प्रोफाइल (अधिकृत वेगाच्या वर जाणारी रॅमची तयार सेटिंग) चालू करून रॅम ६०००वर नेली. विंडोज व्यवस्थित चालू, लाइटरूम चालू, सगळं सुरळीत. तरीही रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवलं. सकाळी तिसऱ्या फेरीत दोन चुका नोंदलेल्या.

दोन चुका किरकोळ वाटतील. पण कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिस्कवर जाणारा प्रत्येक फोटो रॅममधून जातो. तिथे एक बिट उलटला तर फाइल तशीच लिहिली जाते, कोणताही इशारा येत नाही, आणि तीच बिघडलेली प्रत बॅकअपमध्येही जाते. कळतं तेव्हा कार्ड फॉरमॅट होऊन महिने उलटलेले असतात. मी वेग ५६००वर आणला, पुन्हा चार फेऱ्या चालवल्या. शून्य चुका. ६००० आणि ५६००मधला फरक स्टॉपवॉचवर मला दिसलाच नाही. फोटोंच्या मशीनवर ही एक रात्र वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे.

नोंद ५ : मॉनिटर

या भागाला सगळ्यात जास्त दिवस दिले आणि त्याचं समाधानही सगळ्यात जास्त आहे.

माझे प्रिंट नेहमी काळपट यायचे. स्क्रीनवर सावलीतली पिसं दिसायची, कागदावर तिथे नुसता अंधार. दोष मी प्रिंटला द्यायचे. कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग आणि उजळता मोजणारं उपकरण) लावून जुना मॉनिटर मोजला तेव्हा त्याची उजळता २४० कॅन्डेला प्रति चौरस मीटर निघाली. प्रिंटसाठी काम करताना साधारण ८० ते १२० ठेवतात. म्हणजे निदान दुप्पट उजळ पडद्यावर बघून मी फोटो गडद करत होते, आणि कागद स्वतः प्रकाश देत नसल्याने तो गडदपणा तसाच उतरत होता.

नवा मॉनिटर २७ इंची ४के, इंचाला १६३ पिक्सेल, आयपीएस पॅनल, अ‍ॅडोबी आरजीबी हा रंगांचा ठरलेला पट्टा जवळपास पूर्ण दाखवणारा. एसआरजीबी (नेहमीच्या पडद्यांचा छोटा पट्टा) १९९६चं, अ‍ॅडोबी आरजीबी १९९८चं, आणि दोघांतला मोठा फरक हिरव्या-निळ्याच्या पट्ट्यात. खंड्याच्या पाठीचा निळा नेमका तिथेच पडतो. जुन्या पडद्यावर तो सपाट निळा ठिपका होता. नव्यावर तीच फाइल उघडली, तर पिसागणिक छटा वेगळी दिसली. ती माहिती रॉ फाइलमध्ये इतकी वर्षं पडून होती. मी बराच वेळ तो एकच फोटो बघत बसले.

कॅलिब्रेशनचे आकडे : व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी६५, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी, गॅमा (मधल्या छटांची उजळता ठरवणारा आकडा) २.२, उजळता १००. त्याआधी अर्धा तास मॉनिटर तापू दिला. उजळतेचा स्लायडर २६वर आला. पहिले दोन दिवस सगळं मंद वाटलं, मग नजर बसली. खोलीतला दिवाही बदलला, आता संध्याकाळी एकच तटस्थ पांढरा दिवा मॉनिटरच्या मागे असतो, पडद्यावर त्याचा उजेड पडत नाही.

मोठ्या रंगपट्ट्याची एक किंमत आहे. जे सॉफ्टवेअर आयसीसी प्रोफाइल (मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद) पाळत नाही, त्यात चेहरे भाजल्यासारखे लाल दिसतात. अशा वेळी मॉनिटरच्या एसआरजीबी मोडवर जाते. इंटरनेटवर जाणारा प्रत्येक फोटो मी एसआरजीबीतच एक्स्पोर्ट करते, नाहीतर बघणाऱ्याकडे रंग फिके पोचतात.

नोंद ६ : पुन्हा स्टॉपवॉच

त्याच फाइली, त्याच चाचण्या. ५०० प्रिव्ह्यू २१ मिनिटांवरून पाच मिनिटांवर. एक्स्पोर्ट १४वरून तीनवर. डिनॉइज साडेसहा मिनिटांवरून १६ सेकंदांवर, त्यामुळे आयएसओ ६४००चे जे फोटो मी सोडून देत होते ते आता उघडून बघते. शंभर टक्के झूमवर पुढची फ्रेम अर्ध्या सेकंदाच्या आत.

सगळंच सुधारलं असं नाही. फोटोशॉपमधले काही जुने फिल्टर एकाच कोअरवर चालतात, तिथे फरक थोडा. एका फोटोवर दहा-बारा मास्क आणि वर डिनॉइज असेल तर ब्रश अजूनही किंचित मागे राहतो. कॅटलॉग उघडायला जेवढा वेळ लागायचा, जवळपास तेवढाच लागतो.

आवाजावर काम चालू आहे. फॅनचा वेग मूळ सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या प्रत्येक छोट्या उसळीला वरखाली व्हायचा, आणि शांत खोलीत तो चढउतार सलग आवाजापेक्षा जास्त जाणवतो. ६५ अंशांपर्यंत वेग स्थिर ठेवला आणि प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर दिला, त्याने बरंच निवळलं. हार्ड डिस्कची घरघर मात्र कॅबिनेटच्या पत्र्यातून येते. रबरी बुशा मागवल्या आहेत.

बॅकअप अजून अर्धवट आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम मी धरला आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. पहिली प्रत मशीनमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर रोज रात्री जाते. घराबाहेरची तिसरी ठरायची आहे. तोवर कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करणं थांबवलंय, ती डबीत तारखेची चिठ्ठी लावून ठेवली आहेत.

काल त्याच खंड्याच्या ४० फ्रेम पुन्हा काढल्या, दोन वर्षांपूर्वी निवडून झालेल्या. तेव्हा ठेवलेली फ्रेम अकरावी होती. डोळा टोकदार आहे तो चौदाव्या फ्रेममध्ये. तीच आता प्रिंटला पाठवते आहे, १०० कॅन्डेलाच्या पडद्यावर केलेला पहिला प्रिंट. तो आला की पुढची नोंद.