दोन पांढरे पाईप आणि सांगलीतलं पोतं

आमचं लंडन म्हणजे राणीचं नव्हे, कॅनडातलं. ह्युरॉन सरोवरावरून बर्फ येतो आणि रात्रीत गुडघाभर साचतो. गेल्या आठवड्यात पहाटे चारला नाक गार पडून जाग आली. फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, बंद. तळघरात गेलो तर तिच्या झाकणावरच्या बारीक काचेतून लाल दिवा लुकलुकत होता.

शेजारचे आजोबा सहाला फावडं घेऊन बाहेर पडतात, त्यांना गाठलं. त्यांनी फर्नेस बघितलीसुद्धा नाही. थेट बाजूच्या भिंतीशी गेले, गुडघे टेकले आणि हातानं बर्फ उकरायला लागले. आतून दोन पांढरे पाईप निघाले. तीन वर्षं मी ते सांडपाण्याचे समजत होतो! वरचा ढीगही आभाळातून पडलेला नव्हता, गाडी काढताना आदल्या संध्याकाळी मीच तो तिथं रचला होता. (सांगलीकराला बर्फ माहीत तो गोळ्यापुरता. तो कुठं टाकायचा हे आम्हाला कोण शिकवणार?)

एक पाईप हवा आत ओढतो, दुसरा जळलेला वायू बाहेर टाकतो. या नव्या फर्नेस त्यातली ऊब इतकी पिळून घेतात की उरतं ते कोमट, ओलसर. म्हणून प्लास्टिकचा पाईप चालतो. त्याला उतार आतल्या बाजूला, म्हणजे पाणी तोंडाशी गोठत नाही. तोंड बर्फाच्या नेहमीच्या थराच्या फूटभर तरी वर हवं. माझं होतंही. पाईप तुंबला की दाबाचा स्विच फर्नेस बंद पाडतो. त्यावर आणखी अलार्म: ओंटारिओत २०१४ पासून झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म सक्तीचा आहे. फोडणीच्या धुराला बोंबलणारा तो वेगळा.

आजोबांचे आभार मानले आणि आईला फोन लावला. सांगलीत गावभागातल्या आमच्या न्हाणीत गॅस गिझर आहे आणि थंडी येते म्हणून झरोक्यात पोतं कोंबलंय. तेही मीच.

"गॅस सुटला तर वास येईल की रे."

येईल, न जळलेल्या गॅसचा. तो वास त्यात मुद्दाम घातलेला असतो. पण हवा कमी पडून अर्धवट जळला की जो कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून घट्ट धरतो. आजीचा बंब परवडला, डोळ्यांत पाणी आणून सांगायचा तरी.

म्हणून आपण अडाणी, असं कुणी इथून म्हणू नये. आपल्याकडं गुऱ्हाळाच्या चुलवणाला धुराडं लागतं हे शेंबडं पोरही सांगेल. गिझरचा धूर दिसत नाही, म्हणून त्याला धुराडं सुचत नाही, एवढंच. आणि इथं तरी मला कुठं सुचलं होतं?

"आधी पोतं काढ आणि गिझर न्हाणीबाहेर बसवून घ्या," म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी फोटो पाठवला. पोतं गेलं होतं. झरोक्यावर कॅलेंडर लावलं होतं.

परत फोन लावलाय.