रिचर्डनं मला घडवलं

आमच्या घरात बिननावाचं भांडं सापडणं मुश्कील. डब्याच्या बुडाशी आजीचं नाव, परातीवर आत्याचं, तांब्याच्या कळशीवर मामांचं, तेही 'यांजकडून सप्रेम भेट' आणि तारखेसकट. ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरं. कळशी ज्या तांबटानं ठोकून काढली त्याचं नाव मात्र कुठंच नाही. मला ते कधी खटकलंही नव्हतं.

गेल्या वर्षी मँचेस्टरला मुलीकडे गेले होते, तेव्हा जावयानं ब्राइडकर्कला नेलं. इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रियात, कॉकरमथजवळचं हे लहानसं गाव. चर्चची आताची इमारत १८६८-७० ची, पण आतलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड बाराव्या शतकातलं. चौकोनी, चारी अंगांनी कोरलेलं. एकीकडे योहान येशूला बाप्तिस्मा देतोय, दुसरीकडे आदम-हव्वेची बागेतून हकालपट्टी चालली आहे.

मी फतकल मारून बसले ती तिसऱ्याच बाजूपाशी. तिथं वेलबुट्टी आहे, मध्ये एक आडवी पट्टी आणि पट्टीवर रून लिपीतली अक्षरं. लिपी उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांची, भाषा मात्र त्या काळची इंग्रजी, आणि चक्क यमक जुळवलेलं. बोलतंय ते कुंडच: रिचर्डनं मला घडवलं, मन लावून या देखणेपणाला आणलं. पट्टीच्या खाली वेलीला भिडलेला एक छोटा माणूस, हातात हातोडी आणि छिन्नी. आठशे वर्षं झाली, बुवाचं काम उरकायचं नाव नाही!

ज्या कुंडाशी गावातल्या पोरांना नावं मिळायची, त्यावर या पठ्ठ्यानं आधी स्वतःचं कोरून घेतलं. देणगी कुणी दिली, ते तिथं लिहिलेलं नाही. मला तर हे फारच आवडलं.

असल्या कुंडांचे हालही कमी झालेले नाहीत. मंतरलेलं पाणी त्यातच ठेवलेलं असायचं आणि लोक ते जादूटोण्यासाठी पळवायचे. शेवटी १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशप एडमंडनी फर्मान काढलं, कुंडाला झाकण घाला आणि कुलूप लावा. काही जुन्या कुंडांच्या काठावर त्या कड्यांच्या खुणा अजून दिसतात. पुढं १६४५ मध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे चर्चमधले जुने विधी नको असलेल्या कडव्या ख्रिस्ती मंडळींच्या, पार्लमेंटनं कुंडापाशी बाप्तिस्मा देणंच बंद करवलं. कित्येक कुंडं मग अंगणात गेली आणि त्यात गुरं पाणी प्यायली.

परत आल्यावर कळशी चिंच लावून घासली आणि उजेडात धरली. मामांच्या नावाभोवती सगळीकडे मठारल्याचे ठोके, एकाशेजारी एक, ओळीत. कानाखालचा एक तेवढा जरा तिरका पडलाय.