आमची वाटचाल : पान वरचं की खालचं?

सावईवेऱ्याच्या आमच्या कुळागरात एखादी पोफळ पिवळी दिसली की बाबा आधी विचारायचे, "वरचं पान की खालचं?" खताची गोष्ट त्यानंतर. लहानपणापासून हे ऐकत आले, तरी त्याची किंमत धंद्यात पहिला मोठा फटका बसल्यावरच कळली.

2013 साली मी आणि दादाने फोंड्यात भाड्याच्या जागेत रोपवाटिका सुरू केली. कार्यालयांना कुंड्या महिन्याच्या भाड्याने द्यायच्या, आठवड्यातून एकदा जाऊन पाणी घालायचं, पानं पुसायची, छाटणी करायची. पहिलं मोठं काम मिळालं पणजीत, पाटोवरच्या एका कार्यालयात. 40 अरेका पाम. दोन महिन्यांत झावळ्या पिवळ्या पडायला लागल्या. आम्ही 19:19:19 हे मिश्र खत घातलं. फरक दिसेना, म्हणून पुन्हा घातलं. पानांची टोकं करपली, आणि चवथीच्या सुट्टीनंतर दार उघडलं तेव्हा निम्मी झाडं गेलेली. ती सगळी आम्ही पदरमोड करून बदलून दिली.

उरलेली बघायला बाबांना घेऊन गेले. कुंडीच्या काठावर पांढरं पुट चढलं होतं, ते त्यांनी नखाने खरवडलं. मग एक झाड मातीसकट बाहेर काढलं आणि मुळं माझ्या नाकाशी धरली. तपकिरी, लिबलिबीत, कुजका वास. बाहेरच्या शोभेच्या कुंडीत तळाला चार बोटं पाणी साचलेलं, वर क्षारांचा थर. झाडाला जेवण कमी नव्हतं, जेवायला मुळंच उरली नव्हती. मुळं कुजली की पानं नत्र कमी पडल्यासारखीच पिवळी होतात. आम्ही ती भूक समजलो आणि आजारी मुळांवर आणखी मीठ ओतत राहिलो.

त्या दिवसापासून आमच्याकडे खताचा डबा शेवटी उघडतो. आधी कुंडीत बोट घालून ओल बघायची, तळाचं भोक मोकळं आहे का ते बघायचं, झाडाला उजेड किती मिळतो ते बघायचं. क्षार साचले असतील तर कुंडीच्या तिप्पट-चौपट पाणी सावकाश ओतून माती धुवायची. हे सगळं ठीक असेल तरच बाबांचा प्रश्न.

नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देऊ शकतं, म्हणून यांची कमतरता आधी खाली दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत. ते कमी पडले तर नवं पान आधी सांगतं. खालचं पान सगळंच फिकट झालं तर नत्र, कडा करपल्या तर पालाश, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम. अरेका पामच्या जुन्या झावळ्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके येतात, ते बहुधा पालाशचं लक्षण. अशी झावळ दिसायला वाईट, म्हणून लोक ती कापायला सांगतात. मी कापू देत नाही. ती पुरती वाळेपर्यंत झाड तिच्यातूनच पालाश ओढून घेत असतं. ती कापली की वरची झावळ पिवळी पडते.

मॅग्नेशियमचं दुखणं आमच्याकडे कोकोपीटमधून आलं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा. त्यात मीठ आणि पालाश भरपूर असतं, आणि तो भुसा पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतो. आता आम्ही तो गोड्या पाण्यात तीनदा धुतो, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवतो. तरीही लक्षण दिसलंच तर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), लिटरला 5 ग्रॅम, महिन्यातून एकदा.

सगळ्यात जास्त दिवस छळलं ते लोहाने. म्हापशाच्या एका हॉटेलात पीस लिलीची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कुंडीत आमची चिऱ्याची तांबडी माती होती, लोहाने भरलेली, मग कमतरता कशी? माझा विश्वासच बसेना. फवारणी केली की पंधरा दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी दादाचं लक्ष वर पसरलेल्या पांढऱ्या खड्यांकडे गेलं. एका खड्यावर त्याने लिंबू पिळलं, फेस आला. संगमरवर! वरून पाणी बोअरचं, जड. दोन्हींमुळे मातीचा सामू (पीएच, आम्ल-अल्कपणाचं माप) वाढला होता, आणि सामू वाढला की मातीत असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. खडे काढून टाकले, पावसाचं पाणी साठवून वापरलं. लोह दिलं तेही ईडीडीएचए चिलेटमधून (चिलेट म्हणजे लोह मुळांना घेता येईल असं धरून ठेवणारा पदार्थ), कारण स्वस्तातलं ईडीटीए साडेसहाच्या वरच्या सामूला टिकत नाही. जुनी पानं शेवटपर्यंत पिवळीच राहिली. तिसरं नवं पान हिरवं उघडलं तेव्हा मी दादाला तिथूनच फोन केला.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, घरातल्या झाडांना आम्ही खत जवळजवळ देत नाही. उजेड कमी, वाढ मंद, माती सुकत नाही.

आज आम्ही सात जण आहोत. कुंड्या आमच्या नसल्या तरी लोक झाड दाखवायला बोलावतात. प्रत्येकाच्या पिशवीत भिंग, सामू मोजायचं यंत्र आणि एक वही असते. वहीतला पहिला रकाना "वरचं / खालचं".

सध्या पर्वरीच्या एका दवाखान्यातली सिंगोनियम त्या वहीत आहे. नवं पान वाकडं, टोक काळं. कॅल्शियम म्हणावं तर भिंगातून पानाच्या पाठीमागे कोळी ही रस शोषणारी बारीक कीडही दिसली आहे, आणि कोळ्यांनीही कोवळं पान असंच वाकडं होतं. आधी कोळी धुऊन काढले, कॅल्शियम दिलेलं नाही. नवी सुरळी वर आली आहे. ती उघडली की मी पुन्हा जाणार.