क्रमांक १७

फेलोशिपचा अर्ज त्या रात्री बारापर्यंत पाठवायचा होता आणि सकाळी साडेआठला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकूंचा फोन आला. "उद्या रद्दी नेणारा पस्तीवाला येतोय. आजेसासऱ्यांची मराठी पुस्तकांची ट्रंक आहे. बघायची असेल तर आत्ताच ये."

फेलोशिप ग्रंथेतिहासाची होती, बिब्लिओग्राफिकल सोसायटी ऑफ अमेरिका या १९०४ सालच्या संस्थेची. तिथं पुस्तक ही वस्तूच पुरावा मानतात: कागद, शिलाई, मालकांच्या खुणा. माझा विषय बडोद्यातले घरगुती मराठी ग्रंथसंग्रह. पण मसुदा भरला होता सयाजीराव महाराजांच्या कामानं. १९०६ चं सक्तीचं शिक्षण, १९१० मध्ये अमेरिकेहून आलेले ग्रंथपाल बॉर्डन, पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती वाचनालयं, मध्यवर्ती ग्रंथालयातले काचेच्या फरशीचे मजले. सगळं खरं, मला जिवापाड आवडणारं, पण छापील अहवालांतून उचललेलं. माझ्या मार्गदर्शकांनी मसुद्यावर एवढंच लिहिलं होतं: "यात प्रत कुठे आहे?"

ट्रंक माळ्यावरून उतरवली तेव्हा वाळवीची माती सांडली. वरच एक वही होती. शके १८४९ ते १८६३, म्हणजे १९२७ ते १९४१. रकाने आखलेले: अंक, नेणार, गेलं, आलं. पुस्तकांच्या पाठीवर तेच अंक चिकटवलेले. आजेसासऱ्यांनी घरातच वाचनालय चालवलं होतं, आणि काकूंना त्याचा पत्ता नव्हता.

वहीत ११२ अंक, ट्रंकेत ३८ पुस्तकं. बाकीची गेल्या वर्षी पस्तीत गेली होती. काकू हळूच म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही गं." मी काय बोलणार?

मग आम्ही दोघी जमिनीवर बसून अंक जुळवत राहिलो. क्रमांक ५ हा जाडजूड वैचारिक ग्रंथ. एका गृहस्थांनी दोनदा नेलेला, पण साठाव्या पानापुढची पानं कडेला जोडलेलीच; वाचताना कापायची असतात, ती कुणी कापलीच नव्हती. नेला होता, वाचला नव्हता. आणि क्रमांक १७, मुखपृष्ठ हरवलेली एक कादंबरी. अकरा वेळा बाहेर गेलेली, त्यांत नऊ वेळा बायकांकडे. त्यांची नावं नाहीत, "वरच्या मजल्यावरची सून", "वाडीतली मावशी", "मास्तरांची धाकटी" अशाच नोंदी. मूळची जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिलाई, उसवलेली होती आणि कुणीतरी पांढऱ्या दोऱ्यानं, उशीला घालावेत तसे टाके घालून ती पुन्हा शिवली होती. हे बाइंडरचं काम नव्हे. पानांचे कोपरे बोटांनी काळवंडलेले, एका पानावर पिवळा डाग. काकूंनी नखानं बघितलं. "हळदच आहे ही."

मुंबई इलाख्यात १८६७ च्या कायद्यानं छापील पुस्तकांची नोंद होऊ लागली. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ ची मराठी ग्रंथसूची केली, तिच्यावाचून माझं पान हलत नाही. पण काय छापलं ते सूचीत सापडतं. मास्तरांच्या धाकटीनं काय वाचलं, हे तिथं कसं सापडणार? ते या टाक्यांत होतं.

मी एकही पान पुसलं नाही. काकूंनी फडकं आणलं तर तेही थांबवलं. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो घेतला, मग पुस्तकांचे: आधी बंद पुस्तकाचा, मग शिलाईचा, मग खुणांचा. आत सापडलेली बसची तिकिटं आणि सुकलेली पानं ज्या पानात होती तिथेच ठेवली, पानाचा आकडा लिहून. दुपारचे तीन वाजले.

घरी येऊन मसुदा पुन्हा लिहिला. बॉर्डन एका परिच्छेदात आले. महाराज राहिले, पण मागे. पुढे आली ती उसनवारीची वही, क्रमांक ५ ची न कापलेली पानं आणि क्रमांक १७ चा दोरा. रात्री अकरा चाळीसला अर्ज पाठवला.

दुसऱ्या दिवशी काकूंचा निरोप आला. पस्तीवाला येऊन गेला. त्याला वर्तमानपत्रं दिली, ट्रंक खाली बैठकीत आणून ठेवली आहे.