शेवटच्या फॉर्ममधली दोन पानं

सात की आठ, एवढाच प्रश्न होता. दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या सोळा पानांचा गठ्ठा, संध्याकाळी प्रेसला जायचा होता. पानं लावणारा आमचा ऑपरेटर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, “मॅडम, इथं खड्ड्यात सात माणसं आहेत आणि खाली मजुरीचे वाटे आठ. कुठला आकडा दुरुस्त करू?”

मी म्हणाले, “थांब. कुठलाच नको. विचारते.”

तो लेख नानांचा. नाना माण तालुक्यातले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. 1972 च्या दुष्काळात विशीतले नाना एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून होते. आमच्या एका वर्गणीदारांनी त्यांना लिहायला बसवलं आणि उन्हाळ्यात लेख माझ्याकडे आला. दहिवडीतल्या एका दुकानातून श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला. युनिकोडमध्ये बदलताना त्याची जी दशा व्हायची ती झालीच: ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’मधला र फुटला, जोडाक्षरं विस्कटली, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. असा मजकूर मी दुसऱ्या कोणाकडे देत नाही, हाताने एकेक ओळ नीट करत जाते. त्यात वेळ जातो, पण ओळ डोळ्यांखालून इतक्या सावकाश जाते की लेखक कुठे पाहून लिहितोय आणि कुठे ऐकीव सांगतोय ते लपत नाही.

नानांच्या लेखाची पहिली तीन पानं प्रस्तावनेची होती. माणदेश पर्जन्यछायेत का येतो इथून सुरुवात. मग रोजगार हमीचे जनक वि. स. पागे, तासगाव तालुक्यातलं विसापूर, तिथे 1965 मध्ये झालेला त्या योजनेचा पहिला प्रयोग. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती, हा आकडा. रोजगार हमीचा 1977 चा कायदा, 26 जानेवारी 1979 पासून त्याची अंमलबजावणी. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण एकाही वाक्यात नाना नव्हते. ही पानं कुठल्याही ग्रंथालयात बसून कोणीही लिहिली असती.

याचा दोष मी लिहिणाऱ्यांना देत नाही. शाळेत आपल्याला निबंध शिकवतात तो प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप असा. मुलाला सांगायचं काय आहे हे कोणी विचारत नाही. पुढे साठी-सत्तरीची, आयुष्यभर जोखमीची कामं केलेली माणसं लिहायला बसतात आणि पहिलं वाक्य त्याच वहीतलं उतरवतात. मला याची चीड येते, कारण चौथ्या पानावर काय दडलंय हे मला बहुतेक वेळा माहीत असतं.

नानांच्या चौथ्या पानावर मोजणी होती. मातीकामाची मजुरी खणलेल्या मातीवर ठरे. टोळी खड्डा खणायची, पण मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायची. खांबाची उंची म्हणजे खड्ड्याची खोली. तिच्यावरून किती माती निघाली याचा हिशोब. आता खांबाच्या डोक्यावर वीतभर माती थापली की खड्डा तेवढा खोल दिसणार. म्हणून मोजायला येणारा माणूस आधी खांबाचा माथा बघे. तिथलं वाळकं गवत मुळांसकट जागच्या जागी आहे की आणून खोवलंय. नानांनी लिहिलं होतं की ते गवताच्या काडीला चिमटीत धरून हलकेच ओढून बघत. काडी तुटली तर माथा खरा, मुळासकट हातात आली तर लबाडी. हे वाचलं आणि लेख घ्यायचा हे ठरलं.

त्यांना फोन करून सांगितलं, “नाना, लेख इथून सुरू करा. गवताच्या काडीपासून.”

“अहो ताई, आधी दुष्काळ काय होता ते सांगायला नको? नव्या पोरांना कळणार कसं?”

मी वाद घातला नाही. आमच्याच अंकात पूर्वी आलेला, विहीर खणण्यावरचा एक लेख त्यांना पाठवला. त्याच्या लेखकाने दगडांनी जमिनीवर रिंगण कसं आखलं इथून आरंभ केला होता, आणि गावातल्या पाणीटंचाईबद्दल पहिली दोन पानं एक अक्षरही नव्हतं. पंधरवड्याने नानांचा फोन आला. लेख त्यांनी सावकाश, पेन्सिल घेऊन वाचला होता. म्हणाले, “ह्यानं टंचाई सांगितलीच नाही. पण बाई दोन हंडे घेऊन खणणाऱ्यांच्या मागं उभी आहे म्हणतो. तेवढ्यात सगळं आलं.” असं वाचणारा माणूस लिहायला शिकतो. मला रोज फोन येतात, ‘कविता पाठवलीय, लागली का?’ म्हणून. मागचा अंक वाचलात का असं विचारलं की पलीकडे शांतता असते. स्वतः न वाचता वाचक मागणं हा मला अपमान वाटतो, माझा नव्हे, वाचकाचा.

त्यानंतर नानांनी मधला भाग पुन्हा पुन्हा हाताने लिहिला. मी दुरुस्त्या सुचवत नव्हते, प्रश्न विचारत होते. ‘मजुरीचे वाटप करण्यात आले’ म्हणजे कोणी केलं, कुठे बसून? नाव पुकारल्यावर लोक काय म्हणत? अंगठ्याला शाई लावायचे, तर बोट कशाला पुसायचे? प्रश्न गेला की चार-सहा दिवसांनी कागद यायचा आणि त्या जागी दोन ओळींच्या दहा झालेल्या असायच्या. शाईचं बोट बायका टाचेला पुसायच्या, लुगडं खराब होऊ नये म्हणून. प्रस्तावना मात्र त्यांनी सोडली नाही. तीन पानांची दोन केली, त्यापुढे हटले नाहीत. मीही मग तो नाद सोडला.

लेखातलं सगळ्यात जबरदस्त पान एका म्हातारीचं होतं. मुलगा मुंबईला गेलेला, त्याचा पत्ता नाही. ती रोज पहाटे घमेलं घेऊन कामावर यायची आणि हजेरीच्या रांगेत शेवटी उभी राहायची. पण काम टोळीचं. मोजमाप टोळीच्या नावावर निघणार, रक्कम टोळीच्या माणसांत वाटली जाणार. टोळीत एक दुबळं माणूस घेतलं की प्रत्येकाच्या वाट्यातून तेवढं कमी होणार. नानांनी एका टोळीच्या नाईकाला तिला घ्यायला सांगितलं. तो नाही म्हणाला, सगळ्यांदेखत, तिच्या तोंडावर. आणखी काही दिवस ती येत राहिली, मग यायची थांबली. पान तिथेच संपत होतं. ज्यांनी ज्यांनी ते वाचलं त्यांनी मला त्या नाईकाबद्दल संतापून काहीतरी सांगितलं. अंकाच्या जाहिरातीत त्या पानातली चार वाक्यं टाकायची असंही ठरलं होतं.

सात आणि आठ हे आकडे त्याच पानावर होते.

आमच्या मुद्रितशोधकांच्या हातून ते पान दोनदा गेलं होतं. ते या कामातले जुने जाणकार. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा नियम आणि 1972 मध्ये वाढवलेले चार, अठराही त्यांना तोंडपाठ. पानभर लाल शाईने त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ काढले होते, एक अनुस्वार सुटला नव्हता. पण सात माणसांनी खणलेली माती आठ जणांत वाटली गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. शब्द तपासणारा डोळा अर्थावरून घसरत जातो, हे मी या धंद्यात फार पाहिलंय. उलट आमचा ऑपरेटर. त्याला पैसे पानाच्या हिशोबाने मिळतात, वाचायचे मिळत नाहीत. तरी ओळ पुढच्या पानावर ढकलताना ती तो वाचतो. आमच्या कचेरीतला सर्वांत चांगला वाचक तो आहे आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव ‘अक्षरजुळणी’पुढे बारीक टायपात येतं.

मी नानांना फोन लावला. “नाना, एक किरकोळ शंका. टोळी सातांची की आठांची?”

ते काही बोलेनात. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो करत राहिले. मग म्हणाले, “दोन्ही बरोबर आहे.”

“म्हणजे?”

“आठवी त्या नाईकाची सून. बाळंतीण होती, महिनाही झाला नव्हता. ती कडेला लुगड्याच्या सावलीत पोराला घेऊन बसायची. खणायचे सात. वाटा आठांचा. मस्टरवर तिची हजेरी लागायची.”

“कोण लावायचं?”

“हजेरी कारकून मीच होतो की, ताई.”

तिच्या नावापुढे खूण करणं नियमात बसणारं नव्हतं, म्हणून तेव्हा ते कोणाला बोलले नव्हते, आणि पुढे नोकरी संपली तरी ती सवय सुटली नाही. लेख लिहितानाही सूनबाईला त्यांनी वगळलं. आकडे मात्र जसे आठवले तसे उतरले. सात फावडी-घमेली डोळ्यांपुढे होती, म्हणून सात लिहिलं. मस्टरवर आठ नावं होती, म्हणून आठ वाटे. ऑपरेटरने आठाचे सात केले असते, तर लेख बिनचूक छापून आला असता आणि ही गोष्ट कायमची बुजली असती.

मग तेच बोलायला लागले. त्या टोळीने एक न खणणारं माणूस आधीच पोटात घातलं होतं. दुसरं घेतलं असतं तर कोणालाच पुरणार नाही अशी मजुरी पडली असती. “त्यानं नाही म्हटलं ते खरंच आहे. पण मी नुसतं नाही म्हटलेलं लिहिलं. वाचणारा त्याला दगडाच्या काळजाचा म्हणेल. तो तसा नव्हता. ते पान काढा.”

माझ्या पोटात गोळा आला. अंकाचं ते सगळ्यात चांगलं पान होतं. मी म्हणाले, “काढण्यापेक्षा हे जे आत्ता सांगितलंत ते लिहा.”

“जागा आहे?”

जागा नव्हती. फॉर्म सोळा पानांचा असतो. सतरावं पान लावता येत नाही. एक पान वाढलं की दुसरं कुठलं तरी जायला हवं. मलपृष्ठाच्या आतली जाहिरात आदल्या रात्री आली होती, जाहिरात बघणारे सहकारी तिच्यावर पहारा देत होते. शिशाचे खिळे हाताने जुळवून छापायच्या काळात, म्हणजे 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापास्नं कितीतरी वर्षं, जुळलेल्या मजकुरात एक वाक्य घालायचं तर खालची ओळन् ओळ हाताने सरकवावी लागे. त्यामुळे विचार आधी व्हायचा, कागदावर. आता पडद्यावर सगळं सरकतं, पण सोळाची सतरा पानं आजही होत नाहीत.

मी हे नानांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, “मग ती पहिली दोन पानं काढा. पाग्यांची वगैरे. ते लोकांना दुसरीकडं मिळेल.”

उन्हाळ्यापासून मी जे मागत होते ते त्यांनी एका दमात दिलं. माझ्या युक्तिवादाने नव्हे. त्या जागी काय यायला हवं हे त्यांना आता कळलं होतं, एवढ्याचसाठी.

दुपारी त्यांच्या नातीने व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानांचे फोटो पाठवले. एका फोटोवर तिच्या बोटाची सावली पडली होती, तिथली ओळ फोनवर विचारून घेतली. हस्ताक्षर आधीच्या कागदांसारखं रेखीव नव्हतं, खाडाखोड भरपूर. ‘निर्दयपणे’ हा शब्द आधीच्या पानावर नाईकाला लावलेला होता, तो इथे नव्हता. त्याऐवजी होतं: ‘तो नाही म्हणाला आणि लगेच खाली वाकून खणायला लागला. वर बघितलं नाही.’ हे त्यांनी तेव्हा पाहिलं असणार, पण ‘निर्दयपणे’ लिहून झाल्यावर त्यांना ते आठवायची गरज उरली नव्हती. ऑपरेटर टाइप करत होता, मी शेजारी बसून वाचत होते. मुद्रितशोधकांनी आमच्या खुर्च्यांमागे उभ्याउभ्या प्रूफ पाहिलं आणि काही न बोलता एकच ऱ्हस्व दीर्घ केला. नवी पानं बसली, शेवटी चार ओळी उरल्या. नानांना फोनवर पूर्ण वाचून दाखवलं, त्यांनी शेवटचा परिच्छेद काढायला सांगितला. त्यात सरकारने काय करायला हवं होतं ते लिहिलं होतं. बरोबर तेवढ्याच ओळी गेल्या. फॉर्म ठरल्यापेक्षा उशिरा गेला, प्रेसवाल्यांचं बोलणं मी ऐकून घेतलं.

अंक बाहेर पडून आता काही आठवडे झालेत आणि माझ्या डोक्यातून ते जात नाही, कारण जुनं पान माझ्याकडे अजून आहे. दोन्ही मी शेजारी ठेवून वाचते. जुनं वाचताना घसा दाटतो, आजही. नवं वाचताना तसं होत नाही. वाचून झाल्यावर मी बराच वेळ मजुरीची विभागणी करत बसते, सातात, आठात, नऊत. वाचकांची पत्रंही कमी आली, आणि आली त्यांत दोन तट आहेत. जाहिरातीसाठी त्या पानातली चार वाक्यं निवडायला गेले तर निवडता येईनात, कुठलंही वाक्य एकटं उभं राहत नाही. संपादक म्हणून मला पहिलं पान छापायचा मोह झाला होता आणि तो कुठल्या हव्यासातून झाला याचा मी अजून नीट तपास करतेय. म्हातारीचं पुढे काय झालं हे दोन्ही पानांत नाही. तो प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही, घड्याळ समोर होतं.

परवा नानांचं पाकीट आलं. आता खडी फोडण्याच्या कामावर लिहितायत. पहिल्याच ओळीत एक बाई हातोडी धरायच्या बोटांना चिंध्या गुंडाळतेय. प्रस्तावना नाही. दुसऱ्या पानावर खडीचा ढीग ब्रासमध्ये, म्हणजे घनफळाच्या मापात, मोजलाय, पण ढिगाची रुंदी दिलेली नाही, आणि म्हातारीबद्दलही विचारायचंय. आज संध्याकाळी फोन करते.