आमची वाटचाल: मिरजोळ्याच्या वर्कशॉपपासून सड्याखालच्या वाडीपर्यंत

आमचं मूळ काम मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरायचं. रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीच्या बाजूला मी आणि धाकटा भाऊ असं दोघांनी छोटं वर्कशॉप टाकलं, बागायतदारांचे पंप, बर्फाच्या फॅक्टरीतल्या मोटरी, काजूवाल्यांचे पॅनल, काय काय यायचं. आयटीआय झालेली पोरं हाताखाली शिकायला यायची, त्यांना ओहमचा नियम तोंडपाठ पण स्टार्टर (मोटर चालू-बंद करायचा डबा) उघडून पुढ्यात ठेवला की हातच चालायचा नाही. तिथून आमच्या बॅच सुरू झाल्या. लांजा, राजापूर, देवरुखकडची पोरं एसटीने यायची आणि दिवसभर हात काळे करून जायची.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद. पोरं घरी, पॅनल वर्कशॉपमध्ये. बरेच जण म्हणाले व्हिडिओ करून पाठवा, झालं. आयआयटीवाल्यांच्या व्हर्च्युअल लॅब्स आहेत, टिंकरकॅड नावाच्या वेबसाइटवर सर्किट फुकट जोडता येतं, ते आम्ही पोरांना दाखवलं पण आणि ग्राफ समजायला ते खरंच चांगलं आहे. पण स्क्रीनवर स्क्रू ढिला राहत नाही हो, आणि आमच्या धंद्यातले निम्मे फॉल्ट ढिल्या स्क्रूचे, त्यात समुद्राची खारी हवा, टर्मिनल हिरवं पडतं. हाताला कळल्याशिवाय हे काम येत नाही असं माझं ठाम मत आहे.

मग ठरवलं, पोरं येत नाहीत तर टेबल त्यांच्याकडे पाठवू. एका लाकडी पेटीत २४ व्होल्ट डीसी कॉइलचा कॉन्टॅक्टर (कॉइलला करंट मिळाला की ओढून सर्किट जोडणारा स्विच), ओव्हरलोड रिले (करंट जास्त गेला की सर्किट तोडणारा), हिरवं-लाल पुशबटण, तीन इंडिकेटर दिवे, फ्यूज, मल्टिमीटर, वायरी. घरात २३० व्होल्टला कुणी हात लावायचा नाही, हा पहिला नियम आणि तो आजपर्यंत मोडलेला नाही. सप्लाय आधी ॲडॅप्टरवर होता, पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडकडे खांबच्या खांब पडले, कित्येक दिवस लाइट नाही आणि आमची त्या बाजूची पोरं तर खांब उभे करायच्याच कामाला गेलेली. तेव्हापासून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, मेनशी संबंधच नाही.

पेट्या कधी एसटीने, कधी मासळीच्या टेम्पोने, कधी वाण्याच्या गाडीने जायच्या. त्या गाडीवाल्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

रेंजचा प्रश्न वेगळाच. वाडी खाली खोऱ्यात, रेंज वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळाच्या सपाटीवर. म्हणजे पेटी घरी आणि नेटवर्क डोंगरावर, लाइव्ह क्लास कसा घेणार? मग पोरांनी घरी काम करायचं, फोन वर वाशाला बांधून फक्त हात दिसतील असा व्हिडिओ काढायचा आणि जमेल तेव्हा सड्यावर जाऊन पाठवायचा. चेहरा नको, हात दाखव, हे मी इतक्यांदा बोललोय की पोरं मलाच म्हणून दाखवायची. पावसात विजा चमकत असल्या तर सड्यावर अजिबात जायचं नाही, मेमरी कार्ड पेटीत घालून पाठव, उशीर झाला तर होऊदे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला फॉल्टच्या पेटीचा. आम्ही इथून मुद्दाम फॉल्ट घालून पाठवायचो. कॉन्टॅक्टरच्या १३-१४ नंबरच्या टर्मिनलचा होल्डिंग कॉन्टॅक्ट (बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर ओढलेला ठेवणारा) सुटलेला, म्हणजे हिरवं बटण दाबेपर्यंत कॉन्टॅक्टर ओढतो आणि सोडलं की पडतो. किंवा ओव्हरलोडच्या ९५-९६ नंबरच्या टर्मिनलची वायर बाहेरून धडधाकट पण आतून तुटलेली, तेव्हा काहीच ओढत नाही. पोराने मीटर लावायचा आणि प्रत्येक रीडिंगला व्हॉइस नोट टाकायची: इथे २४ मिळाले, पुढे शून्य, म्हणजे मधे तुटलंय. वर्कशॉपात एका पॅनलभोवती चौघं उभी असायची, त्यातलं एक हुशार पोर वायरिंग करायचं आणि बाकीची माना डोलवायची. पेटी प्रत्येकाची वेगळी झाली तेव्हा कुणाचा विचार कुठे अडतो ते ऐकायला यायला लागलं. राजापूरकडची एक मुलगी, वर्गात कधी तोंड उघडायची नाही, तिच्या नोट्स इतक्या स्वच्छ की त्या मी पुढच्या बॅचला ऐकवतो. आज ती पंपांच्या पॅनलचं काम स्वतः घेते.

सगळं लांबून शिकवता येत नाही, ते आम्ही करतही नाही. थ्री फेजची मोटर, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणि अर्थिंग इथे येऊनच. आपल्याकडे जांभा, तो उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थचा रेझिस्टन्स कुठच्या कुठे जातो, मे महिन्यात पोरांना कातळावर नेऊन स्वतः रीडिंग घ्यायला लावतो आणि पावसानंतर तोच खड्डा परत मोजतो.

आता कंट्रोल वायरिंग आणि फॉल्ट शोधणं घरी पेटीवर, बाकीचं शनिवार-रविवार वर्कशॉपला. पुढची पेटी सोलर पंपाच्या कंट्रोलरची करतोय, भाऊ त्याच्याच मागे आहे. ज्याला शिकायचंय त्याने वर्कशॉपला या नाहीतर पेटी मागवा, पण आधी घरात फोन बांधायला वासा कुठे आहे ते बघून ठेवा.