स्थानिक पत्ता

सोमवार, रात्री

एमबीएच्या इंडक्शनच्या फॉर्मवर दोन पत्ते मागतात. कायमचा भरला. स्थानिक पत्त्याचा रकाना कोराच ठेवून फॉर्म परत आणला. संध्याकाळी भाड्याच्या घराच्या कराराचा मसुदा आला, त्यात भाडेकरू हा शब्दच नाही. 'परवानाधारक' आहे. तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाही.

कायद्याने तो बरोबर आहे. लिव्ह अँड लायसन्स म्हणतात त्या करारात जागेवर आपला हक्क तयार होत नाही, राहायची फक्त मुभा मिळते. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टपासून लायसन्सचा अर्थ हाच. दोन वर्षांचं एमबीए आणि अकरा महिन्यांची मुभा. घरात कधी मुभा घेऊन राहिलो नाही आपण. आईला फोनवर यातलं काही सांगितलं नाही.

आणि ते अकरा महिने तरी का? अकराच असले की नोंदणी लागत नाही, असं कोथरूडमध्ये दर दुसरा एजंट सांगतो. महाराष्ट्रात लागते. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर वादाच्या वेळी, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाची भीती घालतात तीही उगाच. तिघींत टू बीएचके, भाडं ३०,०००, डिपॉझिट ६०,०००. अकरा महिन्यांचे ३,३०,०००, त्यात मिळवायचं डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ५,५००. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेआठशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. अंगठे घ्यायला माणूस घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. काम अडतं ते आधारवरचं नाव आणि करारातलं नाव जुळलं नाही की, नाहीतर अंगठा उमटला नाही की. तिघींचीही नावं करारात हवीत. एकीचंच असेल तर बाकी दोघींकडे पत्त्याचा पुरावा नाही, आणि भाडं थकलं तर मालक तिलाच धरणार.

परवानाधारक. पुन्हा तिथंच येतेय.

खरी गोम तारखेत आहे. १ ऑगस्टचा करार ३० जूनला संपतो, आणि मे-जूनमध्ये समर इंटर्नशिप. कुणी मुंबईला, कुणी बेंगळुरूला, सामान इथं, आणि नूतनीकरणाला पुन्हा अंगठे. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं. अकरा हा आकडा निव्वळ सवयीचा. म्हणून थेट चोवीस महिन्यांचा मागायचा, लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, जास्तीत जास्त सहा महिने, पुढे एक महिन्याची नोटीस. मालकांनी ऐकलं नाही तर निदान एप्रिलमध्येच नवा करार करून घ्यायचा. कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती एक खाट भाड्याने घेतली तर, ही कटकट नाही, पण करारही बहुतेक नसतो, मग स्थानिक पत्ता कशाच्या जोरावर लिहायचा?

आज अकाउंट्सच्या ब्रिज कोर्सला ताळेबंद झाला. दिलेलं डिपॉझिट आपल्याकडे मालमत्तेत, मालकाकडे देण्यांत. वहीत हे उतरवताना बरं वाटलं. मुभा त्यांनी दिली असेल, पण ६०,००० चे देणेकरी तेच. ते पूर्ण परत यायला हवेत, तर पहिल्याच दिवशी मीटरच्या रीडिंगचा, भिंतींच्या ओलीचा, गीझरचा फोटो काढून त्यांना पाठवायचा, आणि रंगकामाचे पैसे किती कापणार ते आताच लिहून घ्यायचं. 'रंगाचा वाजवी खर्च' एवढंच लिहिलं असेल, तर वाजवी म्हणजे किती हे शेवटी तेच ठरवतात. पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे वॉचमनकाकांना विचारायचं. एजंटला नव्हे.

ताईचा मेसेज येऊन पडलाय. उद्या बघेन.

फॉर्म सकाळी द्यायचाय. बी विंग, दुसरा मजला, कोथरूड, पुणे ४११०३८. कधीपर्यंत, असा रकाना त्यावर नाही.